सामायिक भिंत, सकाळचं पाणी आणि तिसरी पाळी

वाचकाचं पत्र: आम्ही दोन वर्षांपूर्वी निफाडकडची मळ्यातली वस्ती सोडून नाशिकच्या सिडकोत पवननगरला रो-हाउस घेतलं. घरात आम्ही पाच माणसं. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांना लागून आहेत. डावीकडच्या काकूंच्या बाजूची भिंत बारा महिने ओली. दोनदा पुट्टी लावून रंग दिला, दोन्ही वेळा चार महिन्यांत पोपडे निघाले. नळाला पाणी सकाळी तासभर येतं, तेही बारीक. गल्लीत बऱ्याच जणांनी नळालाच मोटार जोडली आहे, आम्हीही जोडावी का? मिस्टर अंबडला कंपनीत आहेत, दर तिसऱ्या आठवड्याला रात्रपाळी. सकाळी येऊन झोपले की उजवीकडच्या घरात घरघंटी सुरू होते. गाडी लावण्यावरून रोजची कुरबुर वेगळीच. सासूबाई म्हणतात, विका आणि मळ्यात चला. मिस्टर म्हणतात, वर एक खोली चढवू, म्हणजे शांतता मिळेल. काकूंशी भांडावं, की घर विकावं?

उत्तर: ताई, काकूंशी भांडू नका आणि घरही इतक्यात विकायला काढू नका. ओल्या भिंतीचं घर बघायला आलेलं गिऱ्हाईक आधी भिंतीवर हात ठेवतं आणि मग भाव पाडतं. लागून घरं असलेल्या गल्लीत बहुतेक तक्रारी तीन सामायिक गोष्टींतून येतात: भिंत, पाण्याची लाइन आणि रस्ता. त्रास नेमका कुठून येतो हे हातात नसताना बोलायला गेलं की भांडण होतं. हातात असलं की बहुतेक वेळा नुसता प्लंबर लागतो. तुमच्या पत्रात चार दुखणी आहेत, त्यांत भिंत सर्वांत आधी. पाऊस सुरू झाला की ती तपासताही येणार नाही आणि वाळवताही येणार नाही.

पुट्टी दोनदा गेली यात रंगाऱ्याचा दोष नाही. भिंतीत पाणी येतंय तोवर महागातला डॅम्पप्रूफ रंगही टिकत नाही. पाणी विटेतले क्षार विरघळवून बाहेर आणतं. पाणी उडून जातं, क्षार रंगामागे राहतात, त्यांचे स्फटिक वाढतात आणि रंगाला आतून ढकलतात. पोपडा काढल्यावर पांढरी पूड दिसते ती हीच.

आधी ओलीचा आकार बघा. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत सरळ पट्टा असेल तर पाणी पायातून वर चढतंय किंवा बाथरूमच्या फरशीखालून येतंय. कमरेच्या उंचीवर गोल डाग असेल तर भिंतीतला पाइप किंवा बेंड गळतोय. वरून खाली ओघळ असतील तर गच्चीवरचा दोन घरांमधला जोड फुटलाय, नाहीतर कुणाच्या तरी टाकीचा ओव्हरफ्लो भिंतीवर पडतोय. हे शेवटचं कारण फार वेळा निघतं आणि सर्वांत स्वस्तात सुटतं: ओव्हरफ्लोचा पाइप पन्हळीपर्यंत लांबवायचा, एवढंच. तुमची भिंत बारा महिने ओली आहे, म्हणजे नुसत्या पावसाचा संबंध नाही. तरी डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा, बाजूला तारीख लिहा आणि आठवड्यानं परत बघा. फोटोही काढून ठेवा, काकूंकडे जाताना लागतील.

आता तपासणी. पहिली तपासणी पाइपची. आपल्याकडे पाणी तासभरच येतं, त्यामुळे रात्री मीटर बघून काही कळत नाही. गच्चीवरच्या टाकीवरून बघावं लागतं. रात्री अकराला सगळे नळ बंद करा, फ्लशचे कॉकही. टाकीत पाण्याच्या पातळीशी खूण करा आणि पहाटे पाणी यायच्या आधी बघा. हजार लिटरच्या गोल टाकीत पातळी एक सेंटीमीटर उतरली तर साधारण दहा लिटर पाणी गेलं. पातळी उतरली तर टाकीखालच्या कुठल्या तरी पाइपात गळती आहे. जुन्या घरांत जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप असतात आणि ते बहुधा भिंतीत वळतात तिथेच सडतात.

पातळी जागेवर राहिली तर दुसरी तपासणी, बाथरूमची. वाळू भरलेली प्लास्टिकची पिशवी नाहणीच्या तोंडावर घट्ट बसवा, फरशीवर एक ते दोन इंच पाणी भरा, टाइलवर पेन्सिलने रेघ मारा आणि चोवीस तास तसंच ठेवा. उंबरा बुटका असेल तर एक इंचच भरा. दोन-तीन मिलिमीटर पाणी हवेत उडून जातं, तेवढं सोडून द्या. त्याहून जास्त उतरलं तर पाणी फरशीखाली मुरतंय. पाण्यात खायचा लाल रंग टाकला आणि काही दिवसांनी तुमच्या भिंतीवर लालसर झाक आली तर वादच संपतो. पण रंग दिसला नाही म्हणून गळती नाही असं समजू नका. विटेतून येताना रंग अनेकदा वाटेतच अडकतो.

ही तपासणी आधी स्वतःच्या बाथरूममध्ये करा. कारण दोन. एक, ओल तुमच्याच नाहणीतून असू शकते. बाथरूम भिंतीच्या दुसऱ्या टोकाला असलं तरी पाणी कोब्याखालून दहा-बारा फूट सरकतं. दुसरं, स्वतःचं घर तपासून गेलेल्या माणसाशी कुणी तावातावानं बोलत नाही. काकूंकडे गेल्यावर ‘तुमच्यामुळे’ हा शब्द काढायचाच नाही. “काकू, आपल्या भिंतीत पाणी मुरतंय. आमची बाथरूम भरून बघितली, ती ठीक निघाली. तुमच्याकडे एक दिवस बघू या का? मुरत असेल तर तुमच्या फरशीखालीही मुरतच असणार,” असं म्हणा. एक दिवस बाथरूम बंद राहणार, तेव्हा त्यांची अंघोळीची सोय तुमच्याकडे करा.

गळती नाहणीपाशी निघाली तर मिस्त्री बहुतेक टाइलच्या फटीत व्हाइट सिमेंट भरून मोकळा होईल. ते करू देऊ नका. ते आकसतं आणि साबणाच्या पाण्यानं सहा महिन्यांत निघून येतं. फटी निदान तीन मिलिमीटर खोल खरवडून, पूर्ण वाळवून इपॉक्सी ग्राउट भरायला सांगा. नाहणी ट्रॅप आणि कोबा यांच्यामधला जोडही उघडून बघायला लावा. त्यानंतर परत पाणी भरा. तरीही पातळी उतरली तर फरशी काढण्याला पर्याय नाही. वॉटरप्रूफिंगचा थर फरशीवर आणि भिंतीवर एक फूट वरपर्यंत, जिथे अंगावर पाणी घेतात तिथे पाच-सहा फुटांपर्यंत. नाहणीकडे उतार चार फुटांना अर्धा इंच. आणि नवी टाइल बसवण्याआधी अठ्ठेचाळीस तास पाणी भरून ठेवायचं. कंत्राटदार घाई करतो ती इथेच.

गळती थांबली म्हणजे तुमची भिंत लगेच बरी होत नाही. ओलीच्या रेघेपलीकडे फूटभर जास्त धरून प्लास्टर विटेपर्यंत उतरवा आणि भिंत तीन-चार आठवडे उघडी ठेवा, पंखा लावून. दिसायला वाईट दिसते, पाहुणे विचारतात, विचारू द्या. पांढरी पूड कोरड्या ब्रशनेच झाडा. धुतलीत तर क्षार परत विटेत जातील. मग एकास चार सिमेंट-वाळूचं प्लास्टर, १२ ते १५ मिलिमीटर जाडीचं, पन्नास किलोच्या गोणीला २०० मिलिलिटर वॉटरप्रूफिंगचं लिक्विड, आणि सात दिवस पाणी मारणं. जिप्समचं प्लास्टर या भिंतीला अजिबात नको, ते पाणी ओढून घेतं. पाडव्यानंतर काम काढलंत तर मेअखेरीस प्लास्टर होईल. त्यावर चुन्याचा एक हात द्या, भिंतीतली उरलेली ओल त्यातून बाहेर पडते. रंग दिवाळीला.

खर्चाचा रिवाज साधा आहे. ज्याच्या पाइपातून किंवा नाहणीतून गळती, दुरुस्ती त्याची. प्लास्टर ज्याचं त्यानं करायचं. पण काकू एकट्या असतील, पेन्शनवर असतील, तर प्लंबरचे निम्मे पैसे तुम्ही द्या. तिसऱ्या पुट्टीपेक्षा स्वस्त पडेल. काय ठरलं ते साध्या कागदावर तारखेसह लिहा, दोघींच्या सह्या घ्या. त्या तपासणीलाच तयार नसतील तर लेखी विनंती द्या, तिची पोच ठेवा. सांडपाणी किंवा मैलापाणी झिरपत असेल तर महापालिकेच्या नवीन नाशिक विभागीय कार्यालयात तक्रार चालते, कारण तो आरोग्याचा प्रश्न होतो. नुसत्या नळाच्या पाण्याची ओल असेल तर तुमच्या आपसातला दिवाणी वाद म्हणून हात वर होण्याची शक्यता जास्त. तेव्हा कोर्टात दावा टाकण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व तडजोडीचा अर्ज करा.

आता पाणी. नळाला थेट मोटार लावू नका. नियमात बसत नाही हे एक. खरं कारण वेगळं आहे. मोटार लाइनमधून पाणी ओढते तेव्हा लाइनमधला दाब शून्याखाली जातो आणि सैल जोडांमधून बाहेरचं पाणी आत शोषलं जातं. सिडकोच्या गल्ल्यांत पाण्याची लाइन आणि ड्रेनेज काही ठिकाणी हाताच्या अंतरावर आहेत. गंगापूर असो की मुकणे, धरणातून निघून शुद्ध झालेलं पाणी तुमच्या गल्लीत येऊन असं नासतं. शिवाय एकानं मोटार लावली की पुढच्याचं पाणी तुटतं, मग तोही लावतो. तुमच्याकडे पाणी बारीक येण्याचं निम्मं कारण हेच असेल.

किती पाणी येतं ते आधी मोजा. पंधरा लिटरची बादली दीड मिनिटात भरली तर तासाला सहाशे लिटर. तीन मिनिटं लागली तर तीनशे. माणशी रोज १३५ लिटर हे नेहमीचं माप धरलं तर पाच माणसांना पावणेसातशे लिटर लागतं. शेजारच्या घरात धार मोठी आणि तुमच्याकडेच बारीक असेल तर दोष तुमच्या जोडणीत: मीटरची जाळी तुंबलेली, किंवा अर्ध्या इंचाचा जुना पाइप गंजून आतून काडीएवढा झालेला. प्लंबरला मीटरनंतरचा पहिला जोड उघडून धार बघायला सांगा. सगळ्या गल्लीलाच बारीक येत असेल तर चार-पाच घरांनी मिळून तक्रार करा आणि व्हॉल्व्हमनशी बोला. एकट्याच्या तक्रारीला वजन नसतं.

मग खाली टाकी घ्या. नळाचं पाणी दहा मीटर वर चढायला लाइनमध्ये साधारण एक किलो दाब लागतो. तो नसला की पाणी गच्चीवर जात नाही, पण जमिनीलगतच्या टाकीत पडतं. नळाचं तोंड जितकं खाली, तितकं पाणी जास्त. चार बाय तीन बाय तीन फुटांचा हौद म्हणजे हजार लिटर. पुढच्या ओट्याखाली बसतो. ड्रेनेजचं चेंबर जवळ असेल तर हौद खणू नका, जिन्याखाली प्लास्टिकची टाकी ठेवा. हौदाचं झाकण फरशीपेक्षा सहा इंच उंच हवं, नाहीतर ओटा धुतलेलं पाणी आत जातं. बॉल व्हॉल्व्ह लावा, आणि या टाकीतून अर्ध्या एचपीच्या मोटारीनं वर चढवा. ती मोटार सामायिक भिंतीवर ठोकू नका. खाली रबराचा पॅड द्या आणि पाइपात फूटभर लवचिक नळीचा तुकडा घाला. नाहीतर तिची घरघर काकूंच्या उशीपर्यंत जाईल. वरची टाकी भरली की एक टन वजन होतं. ती स्लॅबच्या मधोमध न ठेवता खाली भिंत किंवा बीम असेल तिथेच ठेवा.

आवाजाबाबत कायदा तुमच्या उपयोगाचा नाही. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात, आणि रात्र म्हणजे १० ते ६. तुमचे मिस्टर झोपतात तो कायद्यानं दिवस आहे. सकाळी नऊला घरघंटी चालवणं हा गुन्हा नाही.

सुदैवाने घरघंटीचा आवाज हवेतून कमी आणि फरशीतून जास्त येतो. ती सुरू असताना भिंतीला तळवा लावून बघा. कंप जाणवला तर उपाय शेजाऱ्यांच्या घरात आहे आणि तो दोन-तीनशे रुपयांत होतो: चारही पायांखाली वॉशिंग मशीनला लावतात तसले जाड रबरी पॅड, आणि घरघंटी भिंतीपासून निदान सहा इंच सरकवलेली. पॅड तुम्हीच घेऊन जा. सोबत रात्रपाळीचे आठवडे कॅलेंडरवर गोल करून द्या आणि त्या आठवड्यांत दळण दुपारी एकनंतर करण्याची विनंती करा. अंबड-सातपूरच्या पाळ्या सिडकोत घरोघर माहीत आहेत. त्यांच्याही घरात कुणी तरी तिसरी पाळी केलेली असेल.

मग तुमची बाजू बघा. सामायिक भिंतीत पाठीला पाठ लावून बसवलेले स्विचबोर्ड असले तर तिथे भिंत जवळजवळ नसतेच. बोर्ड हलवा, खोबण बुजवा. माळ्यावर चढून बघा: तिथे वीट बिनप्लास्टरची राहिलेली असते, कधी भिंत स्लॅबपर्यंत पोचलेलीच नसते. नुसतं प्लास्टर केल्यानं चांगला फरक पडतो. अंड्यांचे ट्रे, फोमचे तुकडे वगैरे चिकटवण्यात पैसे घालवू नका. त्यानं खोलीतला घुमारा कमी होतो, पलीकडचा आवाज अडत नाही. खरंच अडवायचा असेल तर भिंतीपासून दहा मिलिमीटर सोडून ५० मिलिमीटरची पत्र्याची फ्रेम, आत रॉकवूल, वर साडेबारा मिलिमीटरचे जिप्सम बोर्ड दोन थर. खोलीचे साडेतीन इंच जातात. हे फक्त कोरड्या भिंतीवर. काकूंच्या बाजूला असलं काही केलंत तर आतून बुरशी येईल. गल्लीतला आवाज, म्हणजे भाजीवाल्याचा भोंगा, घंटागाडी, पोरं, खिडकीतून येतो. सरकत्या खिडकीच्या कडेची लोकरी पट्टी झिजलेली असेल तर ती बदला. अडचण एकच: कूलर लावला की खिडकी उघडी ठेवावी लागते, नाहीतर दमट होतं. म्हणून एप्रिल-मेमध्ये दिवसाची झोप मागच्या खोलीत, रस्त्यापासून लांब.

गाडीचं थोडक्यात. गल्ली वीस फुटी असेल तर ती सहा मीटर. दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या की मधे जेमतेम सव्वादोन-अडीच मीटर उरतात आणि आरशांसकट ॲम्ब्युलन्स जात नाही. एकाच बाजूला लावल्या तर चार मीटर मोकळे राहतात. गल्लीत बैठक घ्या आणि बाजू महिन्याआड बदला. दुचाक्या ओट्यावर. ओट्यावर गाडी चढवायला गटारावर सिमेंटचा उतार करू नका, गटार तिथेच तुंबतं आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी तुमच्या आणि काकूंच्या उंबऱ्याशी येतं. चेकर्ड पत्र्याची उचलता येणारी प्लेट टाका. गच्चीचं पावसाचं पाणी ड्रेनेजच्या चेंबरला जोडलेलं असेल तर तेही तोडून गटारात सोडा. पावसात नाहणीतून पाणी उलटं येण्याचं कारण बहुतेक तेच असतं.

वर खोली चढवण्याचा विचार मात्र आत्ता नको. वरची खोलीही त्याच दोन भिंतींना लागून असेल, मग शांतता कुठून येणार? आणि सामायिक भिंतीवर स्लॅब टेकवायचा म्हणजे दोन्ही शेजाऱ्यांची लेखी संमती, महापालिकेची बांधकाम परवानगी आणि पाया-भिंती तपासून देणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर, तिन्ही लागतात. भिंत नऊ इंची आहे की साडेचार इंची, हे प्लास्टर उतरवल्यावर दिसेलच. साडेचार इंची निघाली तर आरसीसीचे स्वतंत्र कॉलम घ्यावे लागतील आणि त्या खर्चात मिस्टरांचा उत्साह बराच कमी होईल.

सासूबाईंना सांगा, विकायचा निर्णय दिवाळीनंतर. मळ्यातून अंबडला तिसऱ्या पाळीसाठी रोज ये-जा करायची तर झोपेचे दोन-तीन तास रस्त्यावर जातील. आणि फ्लॅट घेतलात तर आज शेजारी असलेली बाथरूम उद्या डोक्यावर असेल. पावसाळ्यात भिंत कोरडी राहते का ते बघा. तरीही विकायचंच ठरलं तर दुरुस्तीच्या पावत्या, पेन्सिलच्या रेघांचे तारखेसह फोटो आणि काकूंच्या सहीचा कागद एका फाइलमध्ये ठेवा आणि गिऱ्हाइकाने भिंतीवर हात ठेवण्याआधी ती फाइल त्याच्यापुढे करा.